पीएचडी, नोकरी आणि कडेवरचं मूल : विद्यापीठात नक्की काय मिळतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. बाळंतपण आणि पीएचडी यावर इथे आधी लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक 'जमेल गं, धीर सोडू नकोस' या वळणाचं. धीर भरपूर आहे. माहिती हवी आहे.

मी पुण्यात एका संशोधन केंद्रात जीवशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. मुलगी नऊ महिन्यांची. रजा घेतली, ती संपली. सासूबाई होत्या तोवर निभावलं. आता संगमनेरला जाऊबाईंचं बाळंतपण आहे, त्या तिकडे गेल्या. नवरा हिंजवडीला, म्हणजे सकाळी आठला बाहेर ते रात्री आठला घरात. गाईड माणूस म्हणून चांगले आहेत, पण पेशींना शनिवार-रविवार कळत नाही आणि गाईडनाही.

रजेपलीकडे विद्यापीठाकडून काही मिळतं का? पाळणाघर, मुलासह राहायला खोली, लॅबच्या वेळेत सवलत, काहीही. मिळत असेल तर अर्ज कोणाकडे करायचा? विद्यार्थिनी, प्राध्यापक, ऑफिसातले, शिपाई, सगळ्यांनी लिहा. एकत्र करून विभागात द्यायचा विचार आहे.

टेबलखुर्ची

पीएचडी कक्षात बरीच वर्षं फायली हलवल्या, आता आस्थापना शाखेत आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-रजा. विद्यापीठ कुठलं ते विचारू नका.

आधी रजेचंच बघू, कारण 'रजा घेतली, ती संपली' हे मला पटलेलं नाही. किती घेतलीत? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या पीएचडी नियमावलीत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमावलीत, दोन्हीकडे, पीएचडी करणाऱ्या बाईला प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. विभागात मात्र सर्रास '१८० दिवस' सांगतात. कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा १८० दिवसांची असते, टेबलावरच्या माणसाच्या डोक्यात तोच आकडा बसलेला असतो. तुम्हालाही १८० वर परत बोलावलं असेल तर ६० दिवस शिल्लक आहेत. २०१६ च्या नियमात ही रजा एकदाच घ्यायची होती. २०२२ च्या नियमात तशी अट नाही, संपूर्ण कालावधीत मिळून २४० एवढंच आहे. तुमची नोंदणी नव्या नियमाखाली असेल तर उरलेले दिवस मागायला आधार आहे.

मग मुदत. नव्या नियमाप्रमाणे कमाल ६ वर्षं, फेरनोंदणी करून आणखी २, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना वर आणखी २. सगळं मिळून १० च्या पुढे नाही. यातलं काहीच आपोआप होत नाही. मुदत संपायच्या आत अर्ज टेबलावर पाहिजे. संपल्यावर आलात तर आम्हीसुद्धा हात वर करतो.

रजेचं पत्र निघालं की त्याची एक प्रत संशोधन सल्लागार समितीच्या फायलीत लावून घ्या. दर सत्राला त्यांच्यापुढे प्रगती मांडायची असते. पत्र फायलीत नसेल तर ते सत्र नुसतं गैरहजर दिसतं, आणि दोन वर्षांनी कोणीतरी नवीन माणूस त्यावर शेरा मारतो.

रजेपलीकडचं विचाराल, तर या नियमावलीत एक ओळ नाही.

रानजाई

काका, १८० वरच बोलावलं! आणि नोंदणी २०२३ ची. उद्याच विचारते.

दुधावरचीसाय

रानजाई, मीही लॅबवालीच, रसायनशास्त्र. तुला जेआरएफ (यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप) आहे का? असेल तर रजेच्या काळात फेलोशिप बंद होत नाही, पण संस्थेने दर महिन्याला पोर्टलवर 'हजर किंवा मंजूर रजेवर' असं कळवावं लागतं. माझ्या वेळी रजेचं पत्र पोर्टलवर चढवायचं कोणी याच्यावरून विभाग आणि हिशेब शाखा एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. ३७ हजारांची फेलोशिप कागदावर चालू आणि खात्यात शून्य. बाळाच्या लसी, डॉक्टर, सगळं आईच्या पेन्शनमधून. तेव्हा पत्र निघालं त्याच दिवशी हिशेब शाखेत उभी राहा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांकडून पैसे मिळणाऱ्यांनी आपापल्या अधिछात्रवृत्तीच्या अटी वेगळ्या वाचाव्यात, यूजीसीचं आहे तसं तिकडे असेल असं धरून चालू नये.

आता जे कोणी बोलत नाही ते. दूध काढायचं कुठे? आमच्या मजल्यावर बायकांचं एकच स्वच्छतागृह, त्याला आतून कडी धड नाही. मी पंप घेऊन वजनकाट्याच्या खोलीत बसायचे, कारण ती एकच खोली आतून लागते (वजनाला वारा चालत नाही म्हणून!). बाहेर एमएस्सीची पोरं नमुने हातात धरून रांगेत. काढलेलं दूध लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, कितीही रिकामा दिसला तरी. तिथे काय काय सांडून गेलंय ते आपल्याला माहीत आहे. थंड पिशवी घे, बर्फाच्या पॅकवाली, आणि ती ऑफिसच्या चहा-दुधाच्या फ्रीजमध्ये ठेवू द्या म्हणून शिपाईमामांना सांग. बाहेर चार तास टिकतं म्हणतात ते २५ अंशापर्यंत. पुण्याच्या एप्रिलात तो हिशेब धरू नकोस.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. विज्ञानाच्या इमारतीत नाही. काय बोलायचं!

तासिकावाली

तुम्हा लोकांची चर्चा वाचून हेवा वाटतोय. २४० की १८० हा प्रश्न पडायला आधी रजा असावी लागते.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. नेट, पीएचडी सगळं झालंय. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही येतील तेव्हा. सातव्या महिन्यात प्राचार्यांना सांगायला गेले तर अगदी प्रेमाने म्हणाले, 'मॅडम, आता तब्येतीला जपा.' पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. काढलं असं कोणी म्हणालं नाही, कागदही नाही. आमच्या नेमणुका सत्रापुरत्याच असतात, त्यामुळे काढून टाकायची गरजच पडत नाही. मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर दुसऱ्या कॉलेजात परत पहिल्या पायरीपासून मुलाखत. तिथे पॅनेलने विचारलं, 'मध्ये गॅप का?'

टेबलखुर्ची

तासिकावाली ताई, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, पण दोन निकाल लक्षात ठेवा. रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं. आणि ऑगस्ट २०२३ च्या निकालात, कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी पात्र बाईचा प्रसूती लाभ तिथे थांबत नाही, असं म्हटलं. पात्र म्हणजे आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. तासिकावाल्यांचे दिवस कसे मोजायचे यावर कॉलेज भांडणार हे उघड आहे. तरी हजेरीच्या मस्टरची झेरॉक्स दर महिन्याला काढून ठेवा. पुढे कुठे दाद मागायची झाली तर मस्टर कॉलेजच्या ताब्यात असतं.

घननीळ

एका बापाचाही प्रतिसाद असू द्या. अनुदानित कॉलेजात प्राध्यापक आहे, बायको सरकारी रुग्णालयात परिचारिका. तिच्या पाळ्या बदलत्या, रात्रपाळी ठरलेली. त्यामुळे आमच्याकडे पोरीचं सकाळचं सगळं, वेणीसकट, माझ्याकडे.

राज्य सरकारने जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने बालसंगोपन रजा आणली. १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, वर्षाला फार तर दोन महिने. विद्यापीठं-कॉलेजांनाही लागू. छान आहे. पुरुषाला कधी? पत्नी हयात नसेल तर, किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे मला लेकीसाठी रजा हवी तर आधी बायकोने अंथरूण धरायचं! बरं, यूजीसीच्या पीएचडी नियमावलीतही रजा फक्त स्त्री संशोधकांना. मूल दोघांचं असतं हे नियम लिहिणाऱ्याला कुठूनच दिसत नसावं.

गंमत अशी की गणेशखिंडीतून पाषाण रस्त्याला लागलं की नियम बदलतात. तिथल्या आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्था केंद्राच्या नियमांवर चालतात. तिथे नोकरीतल्या बाईला बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवस, पहिले ३६५ पूर्ण पगारी आणि पुढचे ८० टक्क्यांवर; एकट्या पालक असलेल्या पुरुषालाही ते लागू; आणि बाप झालेल्याला पितृत्व रजा १५ दिवस. रस्त्याच्या अलीकडे राज्याच्या नियमात बसणाऱ्या बाईचं मूल काय चौपट लवकर मोठं होतं?

परखड

सगळ्यांची माफी मागून लिहितो. रजा, मुदतवाढ, पाळणाघर, दूध काढायला खोली, आता बापाला रजा. हे सगळं करदात्याच्या पैशातून. मूल कधी व्हावं हा निर्णय तुमचा. आमच्या लॅबमधली अविवाहित मुलगी रजेवर गेलेलीच्या पेशी सांभाळते, तिला कोण काय देतं?

जुनीजाणती

परखड, शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून तेवढ्याचंच उत्तर देते. रजेवर गेलेल्या मुलीचं काम दुसऱ्या मुलीवर पडतं कारण त्या काळासाठी प्रकल्प सहायक नेमायचा असतो हे कोणाच्या डोक्यात येत नाही. राग बाळंतिणीवर काढणं सोपं, ती समोर असते.

मी नागपूरकडची, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वेळी पोरं स्टाफरूममध्ये वाढली असं आम्ही कौतुकाने सांगतो. ते अर्धंच सांगतो. माझा मुलगा प्रात्यक्षिकांच्या दिवशी प्रयोगशाळा परिचराच्या बायकोकडे असायचा, कॉलेजच्या मागच्या चाळीत. तिची स्वतःची दोन होती. मी तिला दिवाळीला साडी द्यायचे. पगार द्यावा हे सुचलं नाही, तिने मागितला नाही, आणि कॉलेजला तर कधी कळलंही नाही की त्यांचं वेळापत्रक त्या बाईच्या जिवावर चाललंय. आज तेच काम रानजाईच्या सासूबाई करत होत्या. त्या संगमनेरला गेल्या आणि पीएचडी अडकली.

कृष्णाकाठ

पाळणाघर कुठं न्हाई म्हणताय? आमच्या कॉलेजात हाय की! बोर्ड हाय, बोर्डावर बदक हाय. भिंतीवर ए टू झेड. निळी घसरगुंडी हाय, तिचं प्लॅस्टिक अजून काढल्यालं न्हाई.

नॅक म्हंजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या सातव्या निकषात बायकांसाठीच्या सोयी विचारतात. सुरक्षा, समुपदेशन, कॉमन रूम आणि लहान मुलांसाठी डे-केअर सेंटर. समिती यायच्या आधी स्टोअरची खोली रिकामी केली, रंग दिला, फोटो काढला, अहवालात चिकटवला. समिती आली त्या दिवशी ऑफिसातल्या एका मॅडमना पोरगं घेऊन या म्हणून सांगितल्यालं. पोरगं दिवसभर रडलं.

आता किल्ली परत स्टोअरकडं. मी विचारलं, उघडत का न्हाई? तर म्हणं, मावशीचं पद मंजूर न्हाई. सगळी गोम इथं हाय बघा. खोली एकदाच रंगवायची असते, मावशीला दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

दुधावरचीसाय

प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही 😂😂 हसू की रडू.

मुळामुठा

कृष्णाकाठ, मेलो हसून. पण मी एक वेगळीच गोष्ट मांडतो. मी ज्या विद्यापीठात आहे तिथे सकाळी साडेसहाला झाडलोट सुरू होते. कंत्राटदाराच्या बायका. त्यांतल्या एकीचं मूल आमच्या विभागाच्या व्हरांड्यात, पायरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसलेलं असतं, हातात पार्ले-जीचा पुडा. आई जिन्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली की ते पोतं ओढत तिच्या मागे सरकतं. प्राध्यापक मंडळी त्याला 'काय रे, शाळेत जातोस का' विचारून वर जातात. दोन वर्षांचं आहे ते.

अंगणवाडी जवळ आहे, पण तिथे शिकवणं तीन वर्षांपासून पुढच्यांना, आणि तीही काही तासच. बाईची ड्यूटी त्याच्याही आधी सुरू होते. पाळणाघर मागायचंच असेल तर पीएचडीवाल्यांपुरतं मागू नका.

टेबलखुर्ची

मुळामुठा, याला कागदाचा आधार आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा. त्यावर महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. ही सोय हंगामी, रोजंदारी, कंत्राटी अशा सगळ्यांना खुली असावी, असं त्यांत स्पष्ट आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, शक्यतो ५०० मीटरच्या आत.

अडचण वेगळीकडे आहे. विद्यार्थी हा कर्मचारी नव्हे. रानजाई कायद्याच्या मोजणीत येतच नाही. कर्मचाऱ्यांसाठी पाळणाघर उघडलं तर तिला त्यात घ्यायचं की नाही हे विद्यापीठाने ठरवायचं. यूजीसीने अकराव्या पंचवार्षिक योजनेत डे-केअर सेंटरची योजना आणली होती. तिच्यात कर्मचारी आणि विद्यार्थी दोघांचीही मुलं धरली होती. योजना गेली, पण अर्जात उल्लेख करायला कामाची आहे.

एमए_भाग_२

मध्येच घुसते. मी पीएचडी नाही, एमए मराठी करतेय. लग्न पहिल्या वर्षात झालं, आता सातवा महिना. हजेरी ७५ टक्के भरत नाहीये. आमचे सर म्हणतात, रजा फक्त पीएचडीवाल्यांना. पुढच्या वर्षी बस म्हणतात. असं आहे का खरंच?

टेबलखुर्ची

सरांना यूजीसीचं डिसेंबर २०२१ चं पत्र दाखवा. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजा, हजेरीत सूट, परीक्षा अर्जाच्या मुदतीत सवलत यांचे नियम विद्यापीठांनी करावेत, असं त्यात सगळ्या कुलगुरूंना कळवलेलं आहे. किती विद्यापीठांनी केले हा भाग सोडा. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एमएडच्या एका विद्यार्थिनीचं असंच प्रकरण आलं. विद्यापीठाने प्रसूती रजा नाकारली होती. न्यायालयाने तो नकार रद्द केला. शिक्षण आणि मातृत्व यांतलं एक निवडायला लावू नका, असा एकूण रोख.

तुम्ही पुढच्या वर्षी बसू नका. अर्ज विभागप्रमुखांमार्फत, डॉक्टरांचं पत्र जोडून, परीक्षा विभागाला आणि कुलसचिवांना प्रत. तोंडी विचारत बसलात की तोंडी नकार मिळतो. आणि तब्येतीला जपा हो, हे मी प्राचार्यांच्या अर्थाने म्हणत नाही.

राइनकाठ

कोलोनहून लिहितोय. इकडे सगळं आलबेल आहे असं वाटून घेऊ नका, पण तुलनेला कामाचं आहे.

जर्मनीत २०१८ पासून मातृसंरक्षण कायदा विद्यार्थिनींनाही लागू आहे. बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे. परीक्षा द्यायची सक्ती नाही, द्यायची असेल तर देता येते. प्रयोगशाळेत धोकादायक काम असेल तर संस्थेने त्याचा लेखी आढावा घेऊन पर्यायी काम द्यायचं असतं. माझ्या बायकोने गरोदरपण कळवल्यावर आठवड्याभरात सुरक्षा अधिकारी येऊन कुठल्या बाटल्यांना हात लावायचा नाही याची यादी चिकटवून गेला. विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकरीची कायद्याने जी कमाल वर्षं ठरलेली असतात, ती प्रत्येक मुलामागे दोन वर्षांनी वाढू शकतात. आई असो वा बाप.

एक वर्षावरच्या मुलाला बालवाडीत जागा हा २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा नाही. आम्ही सोनोग्राफीचा फोटो फ्रीजवर लावायच्या आधी बालवाड्यांच्या यादीत नाव घातलं. विद्यार्थी कल्याण संस्थांच्या स्वतःच्या बालवाड्या विद्यापीठांजवळ असतात, आम्हाला अखेर तिथेच जागा मिळाली. फी परवडण्यासारखी. मात्र ताई आजारी पडल्या की सकाळी सातला ईमेल येतो, 'आज मुलं तीनला न्यावीत.' मग मी मीटिंगमध्ये, मांडीवर पोर, कॅमेरा बंद.

लीड्सची_पोळी

इंग्लंडमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी एवढंच. जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला येणाऱ्यांना नवरा-बायको, मूल आणता येत नाही. पीएचडी किंवा संशोधनावर आधारित अभ्यासक्रमाला येत असाल तर चालतं. विद्यापीठाची नर्सरी असते, चांगली असते, आणि फी ऐकून घाम फुटतो. ब्रिटिश विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारं पाळणाघराचं अनुदान व्हिसावाल्यांना नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला १५ तास फुकट मिळतात तेवढे मात्र आपल्यालाही. मूल तीनचं झाल्यावर आलेल्या माझ्या मैत्रिणीचं बरं चाललंय, मी एक वर्षाचं घेऊन आले, माझी सगळी शिल्लक नर्सरीत गेली. जमत असेल तर तारीख बघून या.

घननीळ

राइनकाठ, बाटल्यांची यादी चिकटवणारा सुरक्षा अधिकारी! आमच्याकडे गरोदर विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकाला फॉर्मॅलिनच्या बरणीशेजारी उभी केली आणि 'त्रास झाला तर सांग' म्हणाले.

रानजाई

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आधी ताजी खबर. विभागात नियमावली घेऊन गेले. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, 'असं काही नसतं.' मी तो परिच्छेद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, मग म्हणाल्या, 'बसा.' उरलेल्या ६० दिवसांचा अर्ज घेतलाय. गाईडशी बोलून आठवड्यातले दोन दिवस घ्यायचे ठरवतेय, सलग नकोच.

तोवर तात्पुरतं असं, की आम्ही लॅबमधल्या तिघी (एक पोस्ट-डॉक, एक ऑफिसातली) मिळून जवळच्या सोसायटीत एका काकूंकडे मुलं ठेवतोय. ठरवून पगार देतोय, साडीवर नाही, जुनीजाणती ताई! पण काकूंचं वय बघता हे किती दिवस चालेल माहीत नाही.

राहायचंही विचारलं. महिला वसतिगृहाच्या नियमात मूल आणायला मनाईच आहे. जेएनयूत विवाहित संशोधकांसाठी महानदी वसतिगृह आहे, तसं काही इथे का नाही विचारलं तर वॉर्डन हसल्या. तो विषय सध्या बाजूला.

पाळणाघराच्या अर्जाचा मसुदा टाकते, सुधारून द्या :

'परिसरात पाळणाघरासाठी एक सुसज्ज खोली उपलब्ध करून देण्यात यावी. त्याचा लाभ संशोधक विद्यार्थिनी व प्राध्यापकांना व्हावा. वेळ सकाळी १० ते ५ असावी. तसेच प्रत्येक इमारतीत स्तनपान कक्ष असावा, ही नम्र विनंती.'

कृष्णाकाठ

खोली नको म्हणतोय न्हवं का! खोली मागितली की खोलीच मिळंल. बदकासकट.

मुळामुठा

'विद्यार्थिनी व प्राध्यापकांना' ऐवजी 'परिसरात शिकणाऱ्या व कोणत्याही स्वरूपात काम करणाऱ्या सर्व पालकांना'. कंत्राटी शब्द स्पष्ट घाला. नाहीतर ते पोतं तिथेच राहील. वेळ १० ते ५ का? झाडलोट साडेसहाला.

तासिकावाली

आणि 'सर्व पालकांना' मध्ये घननीळही बसतात. तासिकावालेही घाला, प्लीज. आम्हाला दरवेळी 'इत्यादी'त टाकतात.

परखड

माझा एक मुद्दा घ्याल का? रजेच्या काळात लॅबला प्रकल्प सहायक. तो असेल तर माझी सही धरा.

रानजाई

परखड, घेतला. तुमची सही पहिली! 😀

टेबलखुर्ची

मसुदा असा फिरवा. पहिली मागणी माणसांची : दोन प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस, मानधनाची वार्षिक तरतूद स्वतंत्र लेखाशीर्षाखाली. मंत्रालयाच्या २०१८ च्या सूचनांमध्ये तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका धरलीय, तो आकडा टाका म्हणजे 'एकच पुरे' म्हणता येणार नाही. खोली दुसऱ्या क्रमांकावर. वेळ सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा, दोन पाळ्या. शुल्क उत्पन्नाप्रमाणे, कंत्राटी कामगारांना शून्य. हे लिहिलं नाही तर सगळ्यांना एकच दर लावतील आणि बाई पोतंच निवडेल. प्रकल्प सहायकाचा विषय या अर्जात नको, तो वेगळ्या टेबलाचा, वेगळा अर्ज करा. स्तनपान कक्ष मात्र ठेवा, आतून कडी असलेला, विजेच्या पॉइंटसह. याला पद लागत नाही, म्हणून हे लवकर होईल.

'नम्र विनंती' काढू नका, अर्जाची भाषा आहे ती, पण वर कायद्याचं कलम आणि २०१८ च्या सूचनांचा संदर्भ लिहा. अर्ज कुलसचिवांना, प्रती विद्यार्थी विकास मंडळाला आणि वित्त व लेखाधिकाऱ्यांना. लेखाधिकाऱ्यांची प्रत कोणी देत नाही, आणि तिथेच घोडं अडतं. विद्यापीठाची अर्थसंकल्पी अधिसभा (सिनेट) मार्चमध्ये असते. आकडेमोड डिसेंबरपर्यंत आत गेली पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं. पदवीधर गटातून निवडून आलेला एखादा अधिसभा सदस्य गाठा आणि त्याला प्रश्न लिहून द्या, तोंडी सांगू नका. प्रश्न एवढाच : गेल्या मूल्यांकनाच्या अहवालात दाखवलेलं डे-केअर सेंटर सध्या किती मुलं वापरतात आणि तिथे किती कर्मचारी आहेत?

सह्यांच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे मुलाचं वय लिहून घ्या. आवक शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. आणि सोमवारी नेऊ नका, आमच्याकडे सोमवारी आवक टेबल साडेअकराशिवाय उघडत नाही.